चिऊच्या वाटणीच्या गोळ्या

सहा वर्षांची चिऊ जन्मात कधी एक शब्द बोलली नव्हती. आणि गेल्या रविवारी धारला, आजीच्या माठापाशी उभी राहून चक्क म्हणाली, "पाणी!" देवासहून तिला भेटायला आलेली तिची आई नेहा तिथंच मटकन खाली बसली. रडली, हसली, गल्लीभर पेढे वाटले.

श्रेय अर्थातच गोळ्यांचं. पायांची सूज उतरवणारी, लघवीला लावणारी ही जुनीच गोळी. ती स्वमग्न मुलांच्या कामी येते का, हे देवासचे डॉक्टर उमाशंकर तपासत होते. रोज सकाळी एक गोळी द्यायची आणि रिकामी बाटली परत करायची. चिऊ सुट्टीला धारला असल्यानं ते काम तिच्या या आजीकडे, म्हणजे नेहाच्या सासूबाई अक्कांकडे होतं. "भाभीजी, अभी किसी को बोलना मत," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईचं तोंड कुठं बंद राहतंय! त्याच दिवशी नेहानं अशा मुलांच्या आयांच्या ग्रुपवर चिऊचा व्हिडिओ टाकला, आणि जिनं जिनं विचारलं तिला गोळीचं नावही कळवलं.

आज अक्का स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. नेहा देवासहून धावतपळत धारच्या दवाखान्यात पोचली.

"पोटॅशियम पार तळाला गेलंय," तिथले डॉक्टर म्हणाले. "लघवीची गोळी कधीपासून घेतायत?"

"छे हो! अक्का साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत."

बोलता बोलता तिचं लक्ष अक्कांच्या पायांकडे गेलं. वर्षानुवर्षं टम्म सुजलेले पाय, आज घोटे दिसत होते.

"अक्का, चिऊच्या गोळ्या कुठंयत?"

"रागावू नकोस, सूनबाई. आपल्या घराण्यात थोरांनी घेऊन बघितल्याखेरीज लेकराला औषध देत नाहीत. पहिल्या दिवशी मीच घेतली. दिवसभर नुसती पळापळ, घशाला ही कोरड! म्हटलं, एवढ्याशा जिवाला हे?"

"मग फेकून द्यायच्या होत्या!"

"औषध म्हणजे गंगाजळ गं. मोरीत कसं टाकू? आणि तुझ्या डॉक्टरला बाटली रिकामी हवी होती ना? घेत राहिले रोज."

"म्हणजे चिऊला..."

"एकही नाही दिली."

नेहानं विचारलं, "मग ती बोलली कशी?"

"अगं, मला सारखी तहान. दिवसातून पन्नासदा तिला म्हणायचे, चिऊ, पाणी. बिचारी पेला भरून आणायची. एक दिवस मी म्हणायच्या आधी तीच म्हणाली."

सासूवर ओरडावं की तिच्या गळ्यात पडावं, नेहाला काही सुचेना. डॉक्टर उमाशंकरांना खरं सांगायलाच हवं होतं. तिनं पर्समधून फोन काढला.

ग्रुपवर सकाळपासून अकरा निरोप येऊन पडले होते. सगळ्यात खालचा देवासच्याच एका आईचा होता, चार वर्षांच्या मुलीच्या आईचा: "नेहा दीदी, मेडिकल से ले आई. सुबह एक दी, अभी तक कुछ नहीं बोली. दो दे दूँ?"

डॉक्टर राहिले बाजूला. नेहानं त्या बाईला फोन लावला आणि पलीकडून हॅलो यायच्या आत भर दवाखान्यात किंचाळली, "मत देना! मेरी बेटी ने एक भी नहीं खाई!"