मापाच्या वहीतलं ‘तेच’

कटरबाईंचा पहिला संशय घरच्या वजनकाट्यावर होता. तो त्यांनी न्हाणीघरातून स्वयंपाकघरात नेला, तिथून बाहेरच्या खोलीत. काटा जाईल तिथे एकच आकडा सांगे. दुसरा संशय नवऱ्यावर. तो भाजीत गुपचूप जास्तीचं तेल ओततो असं त्यांना वाटे; त्या बिचाऱ्याला तेलाची बाटली कुठे असते हेही ठाऊक नव्हतं. रात्रीचं जेवण सोडलं होतं, जिने चढून गुडघे बोलायला लागले होते, आणि कंबर मात्र आपल्या चालीने वाढत होती. पाळी दोन-दोन महिने तोंड दाखवत नसे आणि आली की मुक्काम ठोके. भर सकाळी अंगातून वाफा निघत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की पन्नाशीच्या आसपास शरीर आपली मांडणी बदलतं, पूर्वीचा हिशेब आता चालत नाही, उपाशी राहू नका आणि स्वतःवर राग धरू नका. कटरबाईंनी मान हलवली होती. पटलं काहीच नव्हतं.

तिसरा संशय नणंदेवर गेला, आणि तो मात्र घट्ट बसला.

दोघी एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखान्यात होत्या. या कापत, ती शिवे. तिला इथे चिकटवलं होतं ते यांनीच, आणि आता मुख्य कटरच्या जागेसाठी दोघींची नावं शिवणखाना सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंसमोर होती. गुरुवारी कामाचा निळा कोट चढवताना कटरबाईंना दिसलं, की बगलेखालच्या शिलाईचा दोरा नवाकोरा आहे. कोट संध्याकाळी तिथेच खुंटीवर राही, आणि सगळ्यांच्या शेवटी कुलूप लावून निघे ती नणंद. कोट तर दिवसेंदिवस आवळत चालला होता. मग आणखी काय पाहायचं? कोणी तरी तो थोडा थोडा आत घेत होतं. सुटलेल्या अंगाची, बटणं ताणलेली बाई मुख्य म्हणून कोण बसवील?

त्यांनी कोटाच्या आतून, शिलाईवर खडूची बारीक रेघ ओढली आणि देवाचं नाव घेऊन घरी गेल्या. शुक्रवारी सकाळी रेघ पुसलेली होती. पुढचं काही न पाहता त्या तडक मोठ्या बाईंकडे गेल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “नीट विचार करून सांगताय ना? खरं निघालं तर तिला उद्यापासून येऊ नको म्हणावं लागेल.”

“विचार करूनच आलेय,” कटरबाई म्हणाल्या.

तीन वाजता सगळ्यांसमोर कोट पाहायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत पुरावा हाताशी असावा म्हणून त्यांनी तो उलटा करून उजेडात धरला, आणि तीस वर्षं कापड ओळखणारे त्यांचे डोळे तिथेच थबकले. कपडा आत घेऊन घट्ट केला, तर जुन्या टाक्यांची भोकं बाहेरून दिसत नाहीत. ती शिलाईमागे दाबलेल्या कापडात, पार आड जातात. इथे ती उघड्यावर होती. बाहेरून, निळ्या कापडावर, मुंग्यांच्या रांगेसारखी. एक नव्हे, तीन रांगा. कोट तीनदा सैल केला होता, आणि आता आत दाबलेलं कापड दोरीएवढंही उरलं नव्हतं.

त्यांनी मापाची वही काढली. शिवणखान्याची रीत अशी, की दर वर्षी नव्या कोटासाठी एकीने दुसरीचं माप घ्यायचं. कटरबाई मात्र कोणाला टेप लावू देत नसत. स्वतःच्या ओळीत स्वतःच लिहीत: ‘तेच’. सात वर्षं, एकाखाली एक, सात ‘तेच’.

तीनला सगळ्या जमल्या. नणंदेला कशाचा पत्ता नव्हता, पण मोठ्या बाईंच्या हातात वहिनीचा कोट दिसला तशी तिची मान खाली गेली.

“मीच उसवला, काल संध्याकाळीही,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर यांनी घातलाच नसता.”

मोठ्या बाईंनी कटरबाईंकडे पाहिलं. बोलायची पाळी त्यांची होती. खोटं बोललं तर नणंदेची नोकरी जात होती. खरं बोललं तर सगळ्यांसमोर ते अंग कबूल करावं लागत होतं, जे त्यांनी आरशापुढेही कबूल केलं नव्हतं. शिवाय मन अजून कुरकुरत होतंच, की एवढा पुळका हिला फुकटचा आलाय का?

“माझी चूक झाली,” त्या हळूच म्हणाल्या. “कोट कोणी आत घेतला नाही. मी वाढले. मुख्य कटरचं काय ते तुम्ही ठरवा, पण माझ्या बोलण्यावरून हिला धरू नका.” मग टेबलावरची टेप उचलून त्यांनी नणंदेपुढे धरली. “वन्सं, माप घ्या. आकडा मोठ्याने सांगा.”

नणंदेला एव्हाना सगळं कळलं होतं. तिने टेप घेऊन पाठीमागून फिरवली.

“श्वास सोडा, वहिनी. पोट आत ओढून माप देणाऱ्या बायका मला पाठ आहेत.”

कोणी तरी फिसकन हसलं. कटरबाईंनी श्वास सोडला. नणंदेने आकडा सांगितला. वहीत ‘तेच’ खोडून तो लिहिण्याआधी कटरबाई खाली वाकल्या, चष्मा नाकावर ओढला आणि टेपवरचा आकडा स्वतः वाचून घेतला.

तो बरोबर होता.