हातांच्या मापाचं कपाट

मी भिंतीतलं कपाट बोलतोय. खुर्च्या-टेबलं माणसांबरोबर नव्या घरी जातात. माझ्या नशिबी तो प्रवास नाही, माझी पाठ भिंतीला कायमची टेकलेली. पण एका जागी उभं राहून जे पाहिलं, त्याने मी आजही थक्क आहे.

दोन खोल्यांचं घर होतं आणि दारामागे एक अडनिडा कोनाडा. बाजारातलं तयार कपाट तिथे बसेना, बसलं तर दार उघडेना. घरमालक पेशाने शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची बायको दवाखान्यात फोन घेण्याचं काम करायची. तिची नजर हळूहळू विझत चालली होती, आणि ती परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

मास्तरांनी सुताराला बोलावलं. तो भिंतीला टेप लावू लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, "भिंतीचं नंतर. आधी हिचं माप घ्या."

सुतार क्षणभर गोंधळला. मग त्याने बाईंना कोनाड्यासमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि हात सहज जाईल तिथे टेकवायला सांगितला. कधी खांद्याच्या उंचीवर, कधी कमरेच्या. हात टेकला तिथे पेन्सिलीची खूण. लाकूड यायच्या आधीच मी असा एका बाईच्या हातांमधून उभा राहिलो. यापरतं भाग्य कुठल्या कपाटाचं असेल, सांगा.

मुठी मात्र मास्तरांनी स्वतः जमवल्या. एकीसारखी दुसरी नाही. बाहेर जायच्या कपड्यांना गोल पितळी मूठ, घरच्या कपड्यांना चौकोनी लाकडी, औषधांच्या खणाला चामड्याचा पट्टा आणि सुईदोऱ्याच्या खणाला कोटाचं मोठं बटण.

नजर पुरती गेली तेव्हा बाई रडल्या नाहीत असं नाही. पण रडताना रुमाल हवा असला, की तो अचूक काढायच्या. डोळस मास्तर मात्र कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत फिरायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. मग बाईच हसत म्हणायच्या, "अहो, कपाळाला विचारा."

पुढे मास्तर गेले. बाईंच्या धाकट्या बहिणीने आपल्या शेजारचं तळमजल्याचं घर त्यांच्यासाठी धरून ठेवलं, पण हे विकल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. दलाल गिऱ्हाइकं आणू लागला.

घर लहान, उजेड बेताचा. लोक तोंड वाकडं करत आत यायचे. मग कुणीतरी मला उघडायचं आणि सगळेच पुढे सरसावायचे. रिकाम्या खणात डोकावणाऱ्या माणसाला रिकामेपण दिसतच नाही. नवरा म्हणायचा, इथे माझे बूट. बायको म्हणायची, बुटांना बाहेरचा रस्ता, इथे पांघरुणं. घर आवडायच्या आधीच त्यांचा संसार माझ्यात लागलेला असायचा. माणसाची ही करामत पाहून मी हरखून जायचो.

पण दार बंद केलं की मुठी दिसायच्या, आणि मनं पालटायची. दलाल बाईंना म्हणाला, "काकू, लोक आधी कपाट बघतात. तुमचं कपाट सोन्यासारखं आहे, पण या मुठी म्हणजे भंगारचं दुकान. एकसारख्या बसवा, घर हातोहात जाईल."

बाईंनी एकेक मूठ चाचपून पाहिली. बहीण वाट पाहत होती. शेवटी त्यांनी होकार दिला.

सुतार आला. त्याने पितळी मूठ काढून फरशीवर ठेवली, तेवढ्यात एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन घर बघायला आली. सासरे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची आठवण म्हणजे फाटका खिसा, असं सुनेने दारातच हळू आवाजात सांगून ठेवलं.

सून स्वयंपाकघर बघत होती. आजोबा माझ्यासमोर घुटमळले. बाईंनी चाहूल ओळखली आणि त्यांचा हात धरून चामड्याच्या पट्ट्यावर ठेवला. "इथे औषधं," एवढंच म्हणाल्या.

आजोबा खिडकीशी गेले, रस्ता बघत बसले, आपण कुणाकडे आलोय हेही विसरले. परत येताना त्यांचा हात त्या पट्ट्याला लागला. ते थबकले. म्हणाले, "औषधं."

सून दारातच उभी राहिली. "सकाळी सांगितलेलं दुपारी राहत नाही हो त्यांच्या डोक्यात," ती म्हणाली.

"डोक्यातून जातं," बाई म्हणाल्या. "हातातून इतक्या लवकर नाही जात."

सुनेने फरशीवरची मूठ उचलली आणि सुताराच्या हातात दिली. "ही होती तिथे बसवा. आम्हाला हेच घर हवंय."

निघायच्या दिवशी बाईंनी माझा एकेक खण रिकामा केला, आतून पुसला, फळ्यांवरून हात फिरवला. "सांभाळून घे हं त्यांना," म्हणाल्या आणि बहिणीचा हात धरून जिना उतरल्या. मला हाक मारता येत नाही. त्या दिवशी ते फार जड गेलं.

आता मी आजोबांचा आहे. त्यांच्या मुलाने सांगितलंय, बाबांच्या वस्तूंची जागा कुणी बदलायची नाही. स्वेटर ते स्वतः काढतात, घडी घालून स्वतः ठेवतात. घडी वाकडी असते, पण जागा कधी चुकत नाही. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा तिथलं कपाट जरूर उघडा, पण हलक्या हाताने उघडा. कुणाचं तरी माप घेऊन ते घडलेलं असेल.

परवा मुलाने त्यांना सहज विचारलं, "बाबा, हे घर कोणाचं?"

आजोबा विचारात पडले. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग माझ्या फळीवर तळहात टेकवून म्हणाले, "नाव आठवत नाही. पण आपल्यातलंच कोणीतरी आहे."