बंद फोनवरचा सराव

नवरा फ्रिजदुरुस्तीच्या हेल्पलाइनवर लागणार होता, म्हणून त्याने इंग्रजीचा क्लास लावला. फोन कानाला धरून तो वाक्यं मोठ्याने घोकायचा. ‘आय कान्ट वेट टु सी यू’ मात्र त्याने हळूच म्हटलं आणि बायकोने कान टवकारले.

“कुणाला भेटायची एवढी घाई झालीय?”

“अगं, वाट बघण्याची वाक्यं आहेत. गिऱ्हाइकाला थांबवायचं तर ‘प्लीज होल्ड ऑन’. भेटायची ओढ असेल तर हे.”

“फ्रिजवाल्यांना कसली ओढ सांगताय?”

तिने फोन हिसकावला. चार्जिंग संपून तो बंद पडला होता. जरा निवळून ती म्हणाली, “मग ते ओढीचं वाक्य मला म्हणून दाखवा.”

त्याने घसा खाकरला. “प्लीज होल्ड ऑन.”

तिने फोन चार्जिंगला लावला आणि कॉलची यादी बघायला तो सुरू होईपर्यंत फोनशेजारी बसून राहिली.