धुतलेला लंगोट

सिस्टर वॉर्डात आली तेव्हा आजीबाई पदराला हात पुसत बाथरूममधून बाहेर येत होत्या. खिडकीच्या गजावर लंगोट पांढराशुभ्र वाळत होता.

"चिंगीला शी झाली?" सिस्टरनं विचारलं.

"झाली की. लगेच धुऊनही टाकला. घाण ठेवायची सवय नाही आम्हाला."

स्टुलावर बसलेला चिंगीचा बाप ताडकन उठला. ऑपरेशन झाल्यापासून सगळा वॉर्ड चिंगीच्या शीची वाट बघत होता. पित्त लिव्हरमधून खाली उतरायची वाट तिच्यात जन्मापासून बंद होती. डॉक्टरीणबाईंनी आतडं जोडून नवी वाट केली होती. ती चालू झाली तर शी पिवळी होणार. पांढरटच राहिली तर कुणाचं तरी लिव्हर शोधायचं, आणि मिळेपर्यंत लेकरानं टिकायचं.

हे सासूबाईंना त्यानं सांगितलंच नव्हतं. त्यांची लेक, म्हणजे त्याची बायको, बाळंतपणात गेली. तेव्हापासून त्यांच्यापुढे वाईट काही काढायचं म्हटलं की त्याची जीभच उचलत नसे.

"आई, रंग कसा होता?"

"शीला कसला रंग? शीसारखा!"

"पांढरा का पिवळा? आठवा ना."

"मी काय चष्मा लावून बघत बसले? तुम्ही रंगारी, तुम्ही भिंती बघा."

तो बाथरूमकडे धावला. फरशी कोरडी, जाळी लख्ख. परत येऊन त्यानं लंगोट उजेडात धरला, उलटा केला, नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास. स्वच्छतेची इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

मग त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं.

आजीबाई कॉटच्या कडेवर मटकन बसल्या. "लेक गेली तेव्हाही मला सगळ्यात शेवटी सांगितलंत. आता नातीचंही तसंच?"

त्यानं हातातला लंगोट परत गजावर टाकला.

"चूक आमची, आजी," सिस्टर म्हणाली. "बाबांना सांगितलं, पण बाळाचं करतं कोण, ते विचारलंच नाही. आता धुवायचं नाही. आधी मला हाक मारायची. मी जेवत असले तरी."

"जेवताना?"

"जेवताना!"

दुपारभर दोघं त्या एवढ्याशा पोटावरच्या पट्टीकडे बघत राहिली. चिंगी रडली, झोपली, परत रडली. शेवटी आजीबाई ओरडल्या, "सिस्टर! या, या लवकर!" आख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

त्याला बघवेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिस्टरनं शीचा रंग ताडून बघायचं कार्ड शेजारी धरलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"पिवळसर आहे," बाई म्हणाल्या. "पित्त उतरतंय."

"म्हणजे बरी झाली?" त्यानं वळून विचारलं.

"नाही. वाट उघडली, एवढंच. ती टिकते का, ते पुढे कळेल. घरी गेल्यावर ताप आला किंवा शी परत फिकी झाली तर लगेच निघून यायचं. उद्या जाऊ म्हणायचं नाही."

त्यानं मान हलवली.

"त्यांना नको, मला सांगा," आजीबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. काही लपवू नका."

बाई स्टूल ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. तोही ऐकत होता. पहिल्या वेळी भीतीनं निम्मं डोक्यावरून गेलं होतं. आता शब्दन् शब्द कळत होता, आणि म्हणून भीती जास्तच वाटत होती.