कडी नसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. सुताराने मला सागवानी म्हणून विकलं. लाकूड नेमकं कसलं, ते मलाही ठाऊक नाही.

माझा मालक आरमारात खलाशी. लढाईआधी सुट्टीवर आला की मला असा आपटायचा, की भिंतीचे पोपडे पडत.

"अहो, दार लावताय की सूड उगवताय?" बायको आतून ओरडे. तो खदाखदा हसे.

लढाईहून तो पदक घेऊन आला. त्या निमित्ताने मला रंग मिळाला आणि साहेबांचं भाषण ऐकायला मिळालं. याने बोटीचे प्राण वाचवले, असं साहेब म्हणाले. बोटीलाही प्राण असतात, हे मला तेव्हा कळलं.

पाहुणे पांगल्यावर त्याने बायकोला खरं काय ते सांगितलं. बोटीला भोक पडलं, की त्या कप्प्याचं लोखंडी दार तत्काळ लावायचं. आत कोण आहे ते बघत बसायचं नाही, असा तिथला नियम. त्याने लावलं. आत त्याचा जिवलग दोस्त होता. गोल चेहऱ्यामुळे सगळे त्याला बटाट्या म्हणत.

"बराच वेळ ठोकत होता गं," तो म्हणाला. "मग थांबला."

दुसऱ्या दिवशी त्याने माझी कडी उपसून काढली. पुढे तर मलाच बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलं.

"लोक चोराला हाकलतात, आमच्याकडे दाराला हाकललंय," बायको शेजारणीला सांगे. शेजारीण हसे; बायको हसत नसे.

थंडीत त्यांची लहान लेक तापाने फणफणली, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, "आधी हा वारा थांबवा, नाहीतर पोर हातची जाईल."

त्याने निमूटपणे मला पुन्हा बसवलं, ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसला.

"अहो, आत या ना. गारठून जाल."

"नको. आतून कुणी ठोकलं, तर उघडायला बाहेर माणूस पाहिजे."

"मग फार थंडी वाजली तर थाप मारा. मी जागीच आहे."

"बरं."

माझ्यावर कान टेकवून तो बसून राहिला. आत ती थापेची वाट बघत होती, बाहेर तो. लेक गाढ झोपली. कुणीच ठोकलं नाही. नुसतं ढकललं असतं तरी मी उघडलो असतो, मित्रांनो.

सकाळी लेकीचा ताप उतरला. ते सांगायला बायकोने मला उघडलं, तसा तो तिच्या पायांशी कलंडला. थंडगार.

मला तेलपाणी केलं नाहीत, तरी माझी तक्रार नाही. पण दाराबाहेर असा कुणी बसला असेल, तर त्याच्या थापेची वाट बघू नका. उठा आणि उघडा.