पट्टीखालची कातडी

भर दुपारी बारा वाजता आम्ही चाळीस बायका शिवणकारखान्याच्या अंगणात बाह्या वर करून, हात पुढे धरून उभ्या होतो. पाणी प्यायलासुद्धा यंत्र थांबवू न देणारा मुकादम त्या दिवशी छत्री घेऊन मालकाने बोलावलेल्या सूर्यभक्त महाराजांच्या मागे मागे फिरत होता. सूर्याशी थेट बोलणाऱ्याला छत्री कशाला, असं माझ्या मनात आलं. पण पंधरा वर्षं यंत्रावर काढली की मनातलं ओठांवर आणायचाही कंटाळा येतो.

"कोर्टात खोटी साक्ष चालते, सूर्यापुढे नाही!" महाराज गर्जत होते. "त्याचे किरण हाडापर्यंत पाहतात. विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतं!" कोणतं विज्ञान, ते काही त्यांनी सांगितलं नाही. "मालकाशी बेइमानी करणारीच्या हातावर दोन दिवसांत सूर्य आपला पंजा उमटवेल!"

बेइमानी एवढीच होती की, कारखान्याचं मागचं दार कामाच्या वेळी कुलूपबंद असतं आणि आग लागली तर आम्ही आत होरपळून मरू, असं कोणीतरी सरकारी निरीक्षकाला पत्राने कळवलं होतं. मालकाला ते 'कोणीतरी' हवं होतं.

महाराज एका वाटीत तळवा बुडवून एकेकीच्या हातावर टेकवत चालले होते. काजवालीपाशी आल्यावर त्यांनी दुसरी वाटी मागितली. काजवाली म्हणजे आमच्याकडची काजं करणारी, तोंडाने फटकळ, मुकादमाशी रोज हुज्जत घालणारी. वाटी का बदलली, हे कोणी विचारलं नाही. मग हात न पुसता तासभर उन्हात उभं राहायचं, असा हुकूम झाला.

तो सोमवार होता. बुधवारी सकाळी काजवालीच्या हातावर पंजा उठला. लालभडक, पाचही बोटं वेगवेगळी दिसणारा, फोडांनी भरलेला. कोणी हात जोडले, कोणी रडलं.

"सूर्यदेवाने दाखवलं!" मुकादम ओरडला. "चल, ऊठ. उद्यापासून येऊ नकोस."

"मी नाही लिहिलं हो! मला धड सही करता येत नाही, पत्र कुठून लिहू?"

तिने आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. रोज तिच्या शेजारी बसून जेवणारीने आपलं स्टूल हळूच बाजूला सरकवलं.

ती खरं बोलत होती. पत्र मी लिहिलं होतं. आणि माझा हात स्वच्छ होता. चमत्कार खोटा आहे याचा पुरावा मी बाहीखाली घेऊन बसले होते आणि मान खाली घालून कॉलर जोडत होते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी मी एकटी, असं स्वतःला समजावत होते.

संध्याकाळी मात्र राहवेना. तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"कोणी केलं हे?"

"सूर्याने," काजवाली म्हणाली.

"अर्धं खरं आहे," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. अतिनील किरण. कातडी रापते ती त्यांच्यामुळे, दुकानाबाहेर टांगलेल्या कापडाचा रंग उडतो तो बराचसा त्यांच्यामुळे. काही झाडांच्या रसात, बियांच्या तेलात असं द्रव्य असतं की ते अंगाला लागलं आणि वर ऊन पडलं, की हेच किरण कातडी जाळतात. लगेच नाही, दीड-दोन दिवसांनी. तोवर बाबा पुढच्या गावाला. या वर्षातला हा तिसरा हात आहे माझ्यापुढे."

"तुम्ही येऊन सांगाल का कारखान्यात?" मी विचारलं.

"मागच्या दोन वेळा गेले होते. मला म्हणाले, तुमचा देवावर विश्वास नाही." त्यांनी कपाटातून बावचीच्या बियांच्या तेलाची बाटली काढली. "कोडाच्या रुग्णांना हे मी मोजूनमापून देते. याचाच हा प्रताप असावा."

मी बाही वर केली. "माझ्या हातावर लावा. दोन ठिकाणी."

"फोड येतील. दुखेल."

"येऊ देत."

बाईंनी दोन थेंब लावले. एकावर काळं कापड ठेवून घट्ट पट्टी बांधली. गुरुवारी रजा टाकून मी भर दुपारी तासभर घरासमोर उन्हात बसले. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काजवालीला दारातून आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. उघड्या जागी रुपयाएवढा फोड होता.

मुकादम आनंदाने उडालाच. "म्हणजे तूसुद्धा!"

"हो. पत्र मीच लिहिलं," मी म्हणाले. "पण सोमवारी सूर्याने मला सोडलं आणि हिला धरलं. आज मला धरलं, ते दवाखान्यातल्या तेलाने. आता हे बघा." मी पट्टी सोडली. खालची कातडी कोरी होती. "तेल इथेही तेच होतं, फक्त ऊन लागलं नाही. हाडापर्यंत बघणाऱ्या सूर्याला चिंधीखालचं पाप दिसलं नाही का?"

कोणीतरी हसलं. मग ती स्टूल सरकवणारी पुढे आली, माझा फोड आणि काजवालीच्या हातावरचा पंजा निरखून पाहिला आणि मुकादमाला म्हणाली, "दुसऱ्या वाटीत काय होतं?"

मुकादम मालकाला बोलवायला धावला. दुपारी एकही यंत्र सुरू झालं नाही. चार वाजता मालक आला, "माझीही फसवणूक झाली," म्हणाला आणि मागच्या दाराचं कुलूप काढलं. काजवाली कामावर परतली. मला दोन महिन्यांत काढून टाकलं. कारण दुसरंच दिलं. महाराज सापडले नाहीत.

काजवालीने एकदाच विचारलं, "ताई, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?" मी हो म्हणाले. नंतर बरेच दिवस ती मला पाहून रस्ता बदलायची. तिचं बरोबरच होतं.

म्हणून सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक जागा झाकून बघा, एक उघडी ठेवून बघा, दुसऱ्या वाटीत काय आहे ते विचारा. एवढ्याला फार शिक्षण लागत नाही. आणि ज्यांना खरं काय ते आधीच माहीत असतं, त्यांनी तरी दमलो म्हणून गप्प बसू नये. आमच्या अंगणात खोटं बोलणारा एकच होता. त्याला खरं ठरवलं ते आम्ही गप्प राहिलेल्यांनी.