उपासाचा राघू

जगदेव मास्तर एकवीस दिवसांचं प्रशिक्षण संपवून अकोल्याहून अनसिंगला परतले, तेव्हा त्यांच्या राघूच्या पिंजऱ्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

१९७४ च्या श्रावणातला सोमवार होता. मास्तरांची बायको भागिरथा बाळंतपणासाठी रिसोडला माहेरी गेली होती, म्हणून त्यांनी पिंजरा शाळेशेजारच्या उकंडरावांच्या ओसरीत ठेवला होता. सोबत कागद दिला होता. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. दुपारी काकडीची फोड. संध्याकाळी मक्याचे कोवळे दाणे आणि एक हिरवी मिरची. मीठ, तेल, साखर अजिबात नाही. उकंडरावांनी तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि मनकर्णाबाईंनी मान डोलावली होती.

आता वाटीत साबुदाण्याची तेलकट खिचडी होती. वर अर्धा पेढा. राघू पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसला होता. छातीवरची पिसं गळाली होती. समोर आठ-दहा बाया हात जोडून बसल्या होत्या.

"हे काय चालू हाये?" मास्तरांनी विचारलं.

"या मास्तर!" मनकर्णाबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुमचा राघू सोमवार धरते! पयल्या सोमवारी डाळ ठेवली, चोच लावली नाई त्यानं."

"जागा बदलली म्हणून खाल्लं नसन, वहिनी."

"मंगळवारी बी नाई खाल्लं. म्हणजे गणपतीचा बी धरते. शनवारचं तं मीच ठरवलं."

"मंग जेवते कवा?"

"आता तं रोज फराळच करते ना! त्याचं उष्टं आमी परसाद म्हणून वाटतो. चंपाबाईच्या नातवाचा ताप उतरला."

चंपाबाईंनी मान हलवून साक्ष दिली.

मास्तरांनी पिंजऱ्यात बोट घातलं. एरवी राघू चटकन बोट धरायचा. आज त्यानं फक्त एक डोळा उघडला.

"मरून राह्यला हा," मास्तर म्हणाले. "मी याले घेऊन चाललो."

उकंडराव बाजेवरून उठले. "आता कसं नेता? रिसोडावरून लोक पाहाले येऊन राह्यले. अन् तुमच्या घरी ना उपास, ना देव. त्यानं तिथं जाऊन धरम सोडावा काय?"

मास्तरांचा आवाज चढला नाही. "उकंडभाऊ, माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन जे सोडलं, ते तुमी माह्या राघूच्या गळ्यात बांधून राह्यले. मले इचारलं होतं? त्याले इचारलं होतं?"

मास्तरांनी पिशवीतून मक्याचं कणीस काढलं. एस.टी. स्टँडवर राघूसाठीच घेतलं होतं. चार दाणे सोलून त्यांनी तळहातावर धरले.

"मास्तर, सोमवार हाये!" मनकर्णाबाई ओरडल्या.

राघू सरकत सरकत आला. एक दाणा उचलला, फोडला, गिळला. मग दुसरा.

"मोडला!" चंपाबाई म्हणाल्या.

उकंडराव परत बाजेवर बसले. "बाटला. न्या आता."

"बाटला नाई, जेवला," मास्तर म्हणाले. त्यांनी पिंजऱ्यातली खिचडीची वाटी काढली आणि मनकर्णाबाईंपुढे धरली.

मनकर्णाबाईंनी हात मागे घेतला. "खाली ठेवा. पाणी शिंपडून घेईन मी."

मास्तर थांबले. याच घरचे कचेरीतले अर्ज त्यांनी सहा वर्षं लिहून दिले होते.

"एकवीस दिवस माह्या राघूचं उष्टं खाल्लं तुमी, वहिनी. तवा शिंपडलं होतं काय?"

मनकर्णाबाईंनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव छपराकडे पाहत होते. मास्तर वाटी पुढे धरून तसेच उभे राहिले. बाया एकेक करून उठल्या, पदर सावरत निघाल्या. शेवटी मनकर्णाबाईंनी दोन बोटांनी वाटी घेतली.

मग मास्तरांनी पिंजरा उचलला आणि भर रस्त्यानं घराकडे निघाले.